पाणी की माती

अब्बांना पाण्याने आंघोळ घालायची की नाही, यावर तुबलीतल्या आमच्या जमातीच्या हॉलमध्ये बोलणं चाललं होतं. मी दाराबाहेर उभी होते.

पुरुषाच्या मयताला गुस्ल, म्हणजे ही शेवटची आंघोळ, पुरुषांनीच द्यायची. मला भाऊ नाही. अम्मी श्रीवर्धनला. रायगड-रत्नागिरीचं कुणी इथे आखातात वारलं की पहिला फोन जमातीच्या उबेदचाचांना जातो, तसा मीही केला, आणि हॉस्पिटलात शेवटी कळलेलं आजाराचं नाव सांगितलं. लपवता आलं असतं, पण हात त्यांचे लागणार होते.

चाचा बाहेर आले. तयम्मुम करू म्हणाले. मातीला लावलेले हात मयताच्या बंद पिशवीवरून फिरवले की झालं. जीवाला धोका असेल तर मुभा आहे. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात हातमोजे आणि एप्रन पुरेत. पाणी आहे, धोका नाही, मग मुभा कसली?

"माणसं तयार नाहीत, मुनीरा. त्यांनाही लेकरं आहेत."

अब्बांचा ताप हटत नव्हता तेव्हा ते चाचांकडेच गेले होते. चाचांनी पाण्यावर दुआ पढून दम करून दिला आणि टेस्टला जाऊ नको म्हणून बजावलं. अनफिट निघालास तर पुढच्या विमानात बसवतील. आमच्या गावात आजाराच्या नावापेक्षा या शब्दाला लोक जास्त घाबरतात. अनफिट होऊन आलेल्याच्या घरी कुणी सोयरीक करत नाही. चाचा खोटंही बोलले नव्हते. याच आजारावर इथल्या नागरिकाला औषध मिळतं, आम्हाला परतीचं तिकीट. अब्बा गॅरेजमध्ये खोकत राहिले.

"अब्बांनी तुमचं ऐकलं, चाचा," मी म्हणाले. "आता तुम्ही माझं ऐका."

 चाचा अस्तन्या सारून आत गेले. त्यांच्याबरोबर एकटा खिजर गेला, अब्बांच्या गॅरेजमधला. बंद दाराआडून पाणी ओतल्याचा आवाज आला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

अशा मयतीला चाचा नेहमी "ताप होता" एवढंच सांगत. आज जनाज्याच्या नमाजाआधी ते सफांकडे, मागे उभ्या रांगांकडे, वळले.

"नझीरला एचआयव्ही होता. टेस्ट करू नको, असं मी त्याला सांगितलं. माझ्या सांगण्याने तो गेला. अजून कुणाला सांगितलं असेल, तर ते मी परत घेतो."

मागच्या सफेतल्या माणसांनी चपला घातल्या आणि हॉल सोडला. नमाज उरलेल्यांनी पढली.

कब्रस्तानाबाहेर मी गाडीत बसले होते. हॉलमधून उठून गेलेल्यांतलाच एक जण काचेशी वाकला. चाळिशीचा, गालफडं बसलेली.

"आपा, ती दवा कुठे मिळते? अनफिट न होता?"

 तेवढ्यात चाचा आले, हाताला कबरीची माती. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मागचं दार उघडलं आणि त्याला बसवलं.

"त्या डॉक्टरांना फोन लाव, मुनीरा."

डॉक्टर आधी टेस्ट सांगणार, आणि टेस्ट म्हणजे तिकीट, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी फोन लावला.