मशीन बंद पडल्यावर

आजीच्या लॉन्ड्रीत माणूस कामावर घ्यायची एकच परीक्षा होती. शिकलास किती, कोणाच्या ओळखीचा, असलं ती विचारायचीच नाही. नव्या माणसाला चादरींच्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी उभं करायची, काम रंगात आलं की गुपचूप मागे जाऊन खटका पाडायची आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायची. रोलर थांबला की कोणी ओरडायचा, कोणी मशीनला लाथ घालायचा, कोणी "मी काही नाही केलं हं" म्हणत आधीच हात वर करायचा. असल्यांना आजी दार दाखवायची. जो गुमान आधी हात मागे घ्यायचा, करपायच्या आत चादर ओढून काढायचा आणि मगच मशीनकडे वळायचा, तो राहायचा.

"चालू मशीनवर माकडसुद्धा काम करेल," ती म्हणायची. "बंद पडल्यावर माणूस कळतो."

घरचेही यातून सुटले नव्हते. सूनबाई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्यासमोर खटका पडला होता. ती पास झाली होती, पण तसं तोंडाने सांगणं आजीच्या जिवावर आलं, ते आजतागायत आलेलंच होतं.

सुनेची मुलगी म्हणजे भिंगरी. लहानपणापासून एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आणि ठरली नाही ती नाहीच. छोटी विमानं उडवायला शिकली. आता बेटांवर टपाल नि औषधं पोचवायची नोकरी चालून आली होती आणि पोरीचा जीव त्यात अडकला होता.

"मग लॉन्ड्री कोण बघणार? मी मेल्यावर भूत होऊन चादरी झटकू का?" आजी कडाडली.

शेवटी भिंगरीनेच पैज लावली. "एकदा माझ्याबरोबर बस. खाली उतरल्यावर तू 'नको' म्हणालीस, तर नोकरीला 'नाही' कळवते आणि उद्यापासून रोलरवर उभी राहते."

आजीने 'नको' आधीच ठरवून ठेवलं होतं. जायचं ते नुसतं नावाला. मात्र निघताना तिने सुनेला फर्मान सोडलं, "सगळ्या चादरी मैदानात वाळत घाल. वरून माझं राज्य दिसलं पाहिजे."

"अहो आई, वाळवायचं मशीन आहे की!"

"मशीन वरून दिसतं का?"

विमान पाहून आजीने नाक मुरडलं. आपला टेम्पो बरा, त्याची दारं तरी जाड. आत बसून पट्टे आवळले, कानांवर हेडफोनची टोपडी चढवली, तरी तोंड सुरूच. "ही काच कोणी पुसली? ज्याने पुसली त्याला माझ्या चादरींना हात लावू देऊ नकोस."

पण वर गेल्यावर मैदान दिसलं आणि तिने त्याच काचेला नाक टेकवलं. पांढऱ्याशुभ्र रांगाच रांगा, वाऱ्यावर फुगलेल्या. आयुष्यभर जे काम हाताएवढ्या अंतरावरून पाहिलं, ते एवढं देखणं असेल असं तिला वाटलं नव्हतं. छाती भरून आली. अर्थात तसं बोलायची सोय नव्हती.

"तिसरी रांग वाकडी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आणि थांबलं. उरला नुसता वारा.

भिंगरीने आधी समोरची घड्याळं पाहायला हवी होती. तिने पाहिले आजीचे हात.

"आजी! कशाला हात लावलास?"

"मी? माझे हात मांडीवर आहेत!"

"खटका पाडलास ना? खरं सांग!"

"अगं मेले, तुझा खटका कुठे असतो ते मला ठाऊक तरी आहे का?"

भिंगरी झटक्यात पुढे वळली. आणि आजीच्या डोक्यात उजेड पडला. अस्सं! पोरगीच माझी परीक्षा घेते आहे. शेवटी रक्त कोणाचं! मग काय, आजी ताठ बसली, हनुवटी वर केली. ओरडायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही. बघू दे, आजी कशी पास होते ते.

"छान शांत वाटतंय," ती म्हणाली. "असंच बंद ठेवत जा."

भिंगरी रेडिओवर बोलत होती. इंजिन बंद आहे, दोघी आहोत, शेतात उतरते आहे.

"हे नाटक कोणाला ऐकवतेस?"

"नाटक नाही, आजी. खरंच बंद पडलंय. आता गप्प बस."

त्या घरात आजीला 'गप्प बस' कोणी म्हटलं नव्हतं. आजोबांनी फार तर मनात म्हटलं असेल. आजीने तोंड उघडलं, नातीकडे पाहिलं आणि मिटलं.

ती नातीचे हात बघू लागली. एका हाताने विमानाचं नाक खाली धरून वेग राखलेला. दुसऱ्या हाताने इंधनाची टाकी बदलली, इंजिन चालू करून पाहिलं. नाही. पुन्हा एकदा. नाही. मग त्या हाताने इंजिनाचा नाद सोडला. शिवी नाही, आदळआपट नाही. उतारावर सायकल सोडावी तसं विमान घसरत निघालं होतं, आणि पोरगी खाली चादरींकडे बघत होती.

"रस्त्याच्या बाजूला फुगल्यात. म्हणजे वारा शेजारच्या गोठ्याकडून येतोय. तोंड तिकडे करून उतरायला हवं."

मैदानात उतरायची सोय नव्हती. तिथे खांब, दोऱ्या आणि आजीचं राज्य होतं. राहिलं शेजारच्या दूधवाल्याचं कुरण. त्याच्या गाईने एकदा हॉटेलची चादर चघळली, तेव्हापासून आजीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि कुरणाच्या मधोमध गाई फतकल मारून बसल्या होत्या!

मग कुंपणातून काहीतरी पांढरं सुसाट आत घुसलं. एक ओली चादर, आणि ती डोक्यावर गरगर फिरवत धावणारी सूनबाई. मागून दूधवाला बोंबलत येत होता. गाई उठल्या, शेपट्या वर करून कडेला पळाल्या. आजीने बोलायचं नाही म्हणून नुसतं बोट दाखवलं.

"दिसलं," भिंगरी म्हणाली. "दाराची कडी काढून ठेव. पट्टा घट्ट."

आजीने निमूटपणे कडी काढली.

कुंपण पायाखालून गेलं. दण्. एक उडी, पुन्हा दण्. मग खडखड, शेणाचा सडा काचेवर, आणि विमान थांबलं. पुढ्यात एक गाय रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती.

"आता बोलू का?" आजीने विचारलं.

भिंगरी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

सूनबाई धापा टाकत पोचली. तिने आधी लेकीला चाचपलं, मग सासूला. दूधवाला आला तो तणतणतच. "मालकीणबाई, गाई बुजल्या! आज दूध देणार नाहीत!"

"तुझ्या गाईने माझी चादर खाल्ली तेव्हा मी रडले होते का?"

"रडला नव्हतात. बोलणं टाकलंत!"

"मग आता बोलतेय ना! फिटलं."

दूधवाल्याला हसू आवरेना. टेम्पो आणतो म्हणत तो लॉन्ड्रीकडे पळाला.

भिंगरी मात्र बुटाने गवत टोकरत उभी होती. "मला कळतंय, आजी. नेमकं आजच इंजिन बंद पडलं. उद्यापासून रोलर."

"कुठला रोलर? माझ्याकडे जागा रिकामी नाही. लॉन्ड्री हिची." आजीने सुनेकडे हनुवटी उडवली. "तू जा तुझ्या बेटांवर. चालू विमानात बसून मला काय कळणार होतं? बंद पडलं म्हणून कळलं." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू पास झाली होतीस. आलीस त्याच आठवड्यात. सांगायचं राहून गेलं."

"मला माहीत होतं," सूनबाई म्हणाली. "नाहीतर तुम्ही मला ठेवलं असतं होय?"

"रोलर चालूच टाकून धावलीस ना?"

"वरचा आवाज थांबला तशी बंद करून आले. आधी चादर काढली."

आजीने तिच्या हातातली ओली चादर ओढून घेतली आणि घडी घालायला लागली.

दूधवाल्याने टेम्पो आणून दिला. सूनबाई चालवायला बसली, या दोघी शेजारी दाटीवाटीने. किल्ली फिरली. टेम्पो खोकला, पुन्हा खोकला, बंद पडला.

मायलेकींच्या माना एकदम वळल्या, आजीच्या हातांकडे.

आजीने दोन्ही हात वर केले. "मी काही नाही केलं हं!"

"आजी," भिंगरी म्हणाली, "तू नापास."