माझी सपाट बाजू

मी एक जुना वस्तरा आहे. मित्रांनो, लगेच हनुवटीवर हात नेऊ नका. दाढीमिशांशी माझा उभ्या आयुष्यात संबंध आलेला नाही. मी पानांचा वस्तरा आहे. झाडाच्या पानाचा इतका पातळ काप काढायचा की त्यातून उजेड आरपार जावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसावी, हे माझे काम. आणि एका माणसावर माझा दात आहे, तेही आधीच सांगून ठेवतो.

ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझी एक बाजू किंचित खोलगट ठेवली आणि दुसरी अगदी सपाट. न्हाव्याचे वस्तरे दोन्हीकडून सारखे असतात, मी नाही. माझी सपाट बाजू पानाला टेकून चालते, म्हणून काप सगळीकडे सारखा निघतो. ती गेली की मी कामातून गेलो.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बाईंच्या हाती पडलो. बाई वनस्पतिशास्त्र शिकवत. पानाचा लहानसा तुकडा त्या गाजराला दिलेल्या चिरेत बसवत, कारण नुसते बोटांत धरलेले पान लवते. मग मला पाण्याने ओले करून स्वतःकडे ओढत, एकाच ओढीत. "करवत नाही ती, मागेपुढे करू नका!" असे मुलामुलींवर ओरडत. काप काचवाटीतल्या पाण्यात तरंगू लागले की त्यातला दिसेल न दिसेल असा एक कुंचल्याने उचलत, लाल रंगात बुडवून धूत आणि काचपट्टीवरच्या थेंबात ठेवत. वरची नाजूक काच सुईच्या आधाराने एका कडेने हळूच टेकवत, म्हणजे आत बुडबुडा राहत नसे. बघणारे "वा!" म्हणत. ती वाहवा बाईंची असे, पण मी निम्मी माझी धरत असे. काम झाले की बाई मला पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून, तेलाचे बोट लावून डबीत ठेवत.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी त्यांचाच भाचा आला. "याची सपाट बाजू सांभाळ रे," मला त्याच्या हातात देताना त्या म्हणाल्या.

"हो गं मावशी, कळतं मला," तो फोनमध्ये बघतच म्हणाला.

काय कळले होते कोण जाणे! त्याने माझ्याकडून खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापून घेतल्या, पेन्सिली तासल्या, एकदा तर खिडकीच्या काचेवरचा वाळलेला रंग खरवडला. मी बोथट झालो, तर दोषही माझाच. शेवटी त्याने मला धारवाल्याकडे दिले आणि बजावले, "दोन्हीकडून मस्त घासून द्या." धारवाल्याने सांगितले तसे केले. चाकावर ठिणग्या उडत होत्या आणि माझी सपाट बाजू झिजत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. त्या दिवशी मी ठरवले, एक दिवस हा सगळ्यांसमोर माझ्यावर विसंबेल आणि मी त्याला तोंडघशी पाडीन.

मग एका सकाळी रोपवाटिका चालवणाऱ्या एक काकू ठिपके पडलेले रोप घेऊन प्रयोगशाळेत आल्या. ठिपके बुरशीचे असतील तर त्यांना सगळी रोपे जाळावी लागणार होती. "साहेब, नीट बघा हो. लेकरांसारखी वाढवलीत," त्या म्हणाल्या.

"बसा काकू, आत्ता सांगतो," म्हणत त्याने मला उचलले.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गाजरातल्या पानावर मी आधी वर चढलो, मग खाली घसरलो. मी कापले नाही, फाडले. पाचरीसारखा जाडजूड तुकडा निघाला. आता याचे हसे होणार, म्हणून मी वाट बघू लागलो. पण त्या महाभागाने तोच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. पानाच्याच शिरांचे फाटलेले तंतू त्याला दिसले आणि तो छातीठोकपणे म्हणाला, "हे बघा धागे. बुरशीच आहे. जाळून टाका." हा सूड मी ठरवलेला नव्हता.

अर्धी रोपवाटिका जळाल्यावर त्या काकूंचा हात थांबला. पूर्वी त्यांची रोपे तपासून देणाऱ्या बाई त्यांना आठवल्या आणि त्या उरलेल्यातले एक रोप घेऊन तडक बाईंच्या घरी गेल्या. बाई ते रोप घेऊन प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी मला ड्रॉवरमधून काढले, उजेडात धरले आणि अंगावरून नख फिरवले.

"धार लावून आणली मी त्याला," भाचा म्हणाला.

"धार लावलीस? वाट लावलीस त्याची."

बाई दगड आणि पाणी घेऊन बसल्या. दुपार टळेपर्यंत त्या मला घासत राहिल्या. माझी सपाट बाजू पूर्वीसारखी नाही, पण कामापुरती परत आली. मग त्यांनी काप काढला, नेहमीसारखा रंगवला आणि भाच्याला पुढे केले. "दाखव कुठेत धागे."

तो बराच वेळ वाकून होता. "नाहीयेत."

"मग काय आहे?"

"पेशी भाजल्यात. भर उन्हात औषध मारलं असणार."

"आता हेच त्यांना जाऊन सांग. मी येणार नाही." आणि बाईंनी मला डबीत घालून त्याच्या खिशात कोंबले. "कशाने चुकलं विचारलं, तर हा दाखव."

रोपवाटिकेत काकू झारीने उरलेल्या रोपांना पाणी घालत होत्या. पलीकडे राखेचे वाफे होते. बुरशी नाही, त्याने खाली बघत सांगितले. काकू ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्यांनी झारी खाली ठेवली.

"मग ती कशाला जाळली मी?" त्यांनी विचारले.

त्याने मला खिशातून काढले, पण डबी काही त्याच्याने उघडवली नाही. त्याची मान खाली गेलेली मला हवी होती, ती गेली. पण मित्रांनो, राख त्याच्या दारात नव्हती.

तो आता रोज मला पुसतो, तेल लावतो. लावू दे. मी त्याला माफ केलेले नाही. तुम्ही मात्र तुमच्या हातातल्या अवजाराची निगा राखा. त्याची दया येते म्हणून नका राखू. हाल केलेत तर ते सूड उगवेलच, फक्त तो कोणावर उगवेल हे त्याच्या हातात नसते.