नऊ इंच

मिस्तरीचा हात मोठा साफ. टेप न लावता नुसत्या नजरेनं फळीची लांबी सांगायचा, आणि दुसऱ्या सुतारानं दार जरा तिरकं बसवलं की चारचौघांत त्याची टर उडवायचा. अशा माणसाचा मापात घोळ झाला, हे त्यानं आठ वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण तिचं तोंड त्यानं कपाटानं बंद केलं होतं.

सगळं त्या कपाटापायीच झालेलं. स्वयंपाकघरासाठी त्यानं जातीनं बनवलं. अस्सल सागवानी, एक खिळा म्हणून दिसायचा नाही. घरी आणून लावायला गेला तर नऊ इंच लांब. जागेचं माप त्यानं आठवणीवर धरलं होतं. कपाट कापायचं म्हटलं तर करवत हातात घेऊन नुसता उभा राहिला, हातच उचलवेना. शेजारचे काका-काकू तेव्हा तीन महिने लेकीकडे गेलेले आणि घराची किल्ली ह्याच्याकडे. मधली भिंत फळ्यांची, वर प्लास्टर. त्यांची पलीकडची खोली अडगळीची. मिस्तरीनं दोन दिवसांत भिंत नऊ इंच पलीकडे सरकवली, प्लास्टर केलं, रंग दिला, अडगळ होती तशी रचून ठेवली. आधी भिंत कुठं होती हे सांगता यायचं नाही असं काम. त्याचंही मनातल्या मनात कौतुक वाटलं त्याला.

तर आता लीजचं. त्या इमारतीतले फ्लॅट विकत घेतलेले खरे, पण मुदतीवर. जमीन मालकाची, लीज साठ वर्षांचं, त्यातली पन्नास सरलेली. मुदत संपली की घर मालकाच्या घशात. मिस्तरीची एकुलती एक मुलगी दोन पोरांना घेऊन नवऱ्याचं घर सोडून आलेली. आपल्यामागं तिच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून त्यानं मुदत वाढवायचा अर्ज केला, आणि मालकाकडून मोजणीवाला आला.

मोजणीवाल्याकडे टेपसुद्धा नव्हती. मुठीएवढं यंत्र, त्याचा लाल ठिपका भिंतीवर पडला की आकडा दिसायचा. पोरगेलासा माणूस, गोड बोलणारा. त्यानं जुना नकाशा बघितला, ठिपका परत एकदा मारला आणि म्हणाला, मिस्तरी, तुमचं स्वयंपाकघर नऊ इंच वाढलंय की. मालकाच्या वकीलबाईंचा निरोप दोन दिवसांत आला. एकतर भिंत नकाशाप्रमाणे करा, नाहीतर आहे ती भिंत कबूल असल्याची शेजाऱ्यांची सही आणा. त्याशिवाय मुदत वाढायची नाही.

बायको म्हणाली, त्यात काय, काकू कशाला नाही म्हणतील? तेच तर मिस्तरीला खात होतं.

काका-काकू लेकीकडून आले त्याच वर्षी काकांची पाठ धरली. डॉक्टरांनी कडक पलंगावर वेगळं झोपायला सांगितलं. काकूंनी लीजच्या नकाशावर ती अडगळीची छोटी खोली साडेसहा फूट बघून सव्वासहाचा पलंग आणवला. तो खोलीत मावेना. आडवा लावावा तर दार उघडेना. मग हाक कुणाला? मिस्तरीला. त्यानं पलंग सात इंच कापून दिला, पैसेही घेतले नाहीत. काकू बिल्डरला शिव्या घालत होत्या, चोर मेला, नकाशात एक आणि खोलीत एक. मिस्तरीनंही मान हलवली होती. काका सहा फुटी माणूस. शेवटपर्यंत पाय दुमडून झोपले. आल्यागेल्याला सांगायचे, मी म्हातारपणी वाढलो बुवा.

मिस्तरी कागद घेऊन शेजारी गेला. काकूंनी पेन शोधलं, चष्मा मात्र शोधला नाही.

"कुठं करू सही?"

"वाचा तरी, काकू."

"तू आणलायस ना? मग त्यात वाचायचं काय?"

पेनाचं टोक कागदाला टेकलं तसा मिस्तरीनं कागद मागं ओढला. मग उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. किल्ली, कपाट, भिंत. सांगताना नजर जमिनीवर. बिल्डरचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं.

काकूंनी छोट्या खोलीकडे बघितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "कपाट कापता आलं नसतं?"

"आलं असतं."

"पलंग कापलास की."

मिस्तरीला वाटलं, ह्यांनी चार शिव्या हासडाव्यात. त्या ऐकून तरी घरी जाता आलं असतं. काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, भिंत आधी जागेवर कर.

रविवारी त्यानं कपाट बाहेर काढलं आणि नऊ इंच कापलं. कापताना बायको आतल्या खोलीत जाऊन बसली. मग भिंत उतरवली, जुन्या जागेवर परत उभी केली. काकू खुर्ची टाकून छोट्या खोलीच्या दारात बसून होत्या. चहा विचारला नाही. एरवी त्याला दोनदा चहा मिळायचा त्या घरात.

भिंत झाली तसा त्यानं घाम पुसला आणि सवयीनं नजर फिरवली.

"झाली, काकू. बरोब्बर साडेसहा."

काकू उठल्या. कोनाड्यातला चष्मा घातला आणि हात पुढं केला.

"टेप दे इकडं."

मिस्तरीनं टेप दिली आणि तिचं टोक धरून भिंतीशी खाली बसला. काकू दुसऱ्या भिंतीपर्यंत टेप नेत एकेक फूट मोठ्यानं मोजत गेल्या. साडेसहा भरले. त्यांनी टेप सोडली नाही.

"परत एकदा धर," म्हणाल्या. त्यानं मान खाली घालून टोक परत भिंतीला दाबून धरलं.