ब्रेकची शिट्टी

चष्मेवाल्याने लेकीच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही शॉकअप घरच्या घरी बदलले, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायकोने आधीच बजावलं होतं, "गॅरेजला द्या. नसते उद्योग नकोत." पण लेक नर्स, ड्यूटीच्या वेळा आडनिड्या, रस्त्यावर एकटीच. तिच्या ब्रेकला परक्याचा हात लागावा हे काही त्याला पटेना. अख्खी सुट्टी तो जॅकवर चढवलेल्या गाडीपाशी फतकल मारून बसला. गंजलेल्या नटांशी झटापट करून बोटं सोलून घेतली, पण काम तडीस नेलं.

पहिल्याच फेरीत खड्ड्यावरून जाताना डावीकडून आवाज आला, खाड्!  पण तो हटणारा गडी नव्हता. डोकं लावलं, तेव्हा उमगलं की चाक अधांतरी लोंबत असताना आपण खालच्या दांड्याचा नट आवळला. त्याने गाडी जमिनीवर टेकवली, नट सैल केला, भार आल्यावर पुन्हा घट्ट केला. खाड् गेलं.

"बघितलं?" दोघींबरोबर फेरी मारताना तो मागे बायकोकडे वळून म्हणाला. "कसं पकडलं!"

"पकडलंत खरं," बायको म्हणाली, "पण ती शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

स्टिअरिंगवर लेक होती. "ब्रेक हलका दाबला की येते ती, बाबा. सीऽऽ अशी. ही बघा, आत्ता."

त्याने कान टवकारले. इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले. "नवे पॅड आहेत," तो म्हणाला. "घासून बसले की थांबेल."

ती थांबली नाही, असं दोघींचं म्हणणं. त्याने पुन्हा चाकं उतरवली. पॅड कानशीने घासले, डिस्क पुसून लख्ख केली, पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं. पुन्हा फेरी. "आहे हो अजून," बायको म्हणाली. त्याने परत सगळं सोडवलं, परत जोडलं. आहे अजून. शेवटी त्याचा पारा चढला.

"तुम्हा मायलेकींचे कान फारच तिखट! उगाच मला राबवताय."

"सिग्नलवरची माणसं वळून बघतात," बायको म्हणाली. "त्यांना काय मी पढवून ठेवलंय?"

हे मात्र त्याला लागलं. दुकान बंद असायच्या दिवशी तो बायकोला घेऊन बाजारामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेला. काचा खाली केल्या. "आवाज आला की बोट वर कर. थांबला की खाली. बाकी काही बोलू नकोस."

त्याने ब्रेकवर अलगद पाय टेकवला. बोट वर गेलं. त्याला वारा ऐकू आला. पाय काढला, बोट खाली. पुन्हा टेकवला, बोट वर. कितीदा तरी त्याने असं केलं. कधी वेगात, कधी रांगत, मध्येच तिला फसवायला नुसता पाय हलवून. बोट एकदाही चुकलं नाही.

त्याने गाडी कडेला घेतली.  गिऱ्हाइकांना तो वर्षानुवर्षं समजावत आला होता, नजर हळूहळू अधू होते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. हे बोलताना त्याचा आवाज अगदी मऊ असे.

"मी बहिरा नाही," तो म्हणाला. "तुझं बोलणं मला ऐकू येतंय."

"येतं हो." बायकोने काच वर केली. "वॉशिंग मशीन संपलं की वाजतं ना, बारीक? तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलेले असता. मला वाटायचं, अंगचोरपणा करताय."

त्याने गाडी घरी आणली आणि मुकाट्याने चाकं पुन्हा उतरवली. काय शोधायचं तेच कळत नव्हतं. पूर्वी बिघाड त्याच्याशी बोलायचा, आता हा लोखंडाचा गोळा नुसता समोर मुका बसला होता. तरी त्याने पुसापुशी केली, नट आवळले आणि बायकोला पुन्हा फिरवून आणलं.

"गेली," बायको म्हणाली. लगेच म्हणाली.

दारात लेक उभी होती. तिने आधी आईकडे पाहिलं. "हो बाबा, रस्त्यावरून येताना ऐकलं मी. गेली."

तो दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिला. खरं बोलताहेत की आपली समजूत घालताहेत, हे ताडायला त्याच्याकडे कुठलंच साधन नव्हतं. आणि ब्रेक लेकीचे होते.

सकाळी दुकान न उघडता तो गाडी घेऊन गॅरेजात गेला.

"ब्रेक दाबला की आवाज येतो," तो म्हणाला.

गॅरेजवाला हात पुसत पुढे आला. "कसला? घासल्यासारखा की चिरका?"

"माहीत नाही."

"डावीकडून की उजवीकडून?"

"ते... बायकोला विचारावं लागेल."

त्याने फोन लावून गॅरेजवाल्याच्या हातात दिला.  पलीकडे ती कचरत असावी, कारण गॅरेजवाला म्हणाला, "सांगा ताई, घाबरू नका." चष्मेवाल्याने कान फोनजवळ नेला. "तो आवाज असा बघा," हे तिचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू आलं. मग नुसती शांतता.

"कळलं," गॅरेजवाला मान डोलावत म्हणाला. "अगदी हुबेहूब काढलात की!"

पॅडच्या कडेला एक पत्र्याची जीभ असते, पॅड झिजत आला की डिस्कला टेकून ओरडायला. एका चाकात हा जिभेचा पॅड उलट्या बाजूला बसला होता, म्हणून पॅड नवा असतानाच जीभ वाकून डिस्कला टेकत होती. "होतं असं. ब्रेकला धोका नव्हता," गॅरेजवाला म्हणाला आणि त्याने पॅड बदलून चाक बसवलं. चष्मेवाल्याला शेजारी बसवून एक चक्कर मारली.

"ऐका. एकदम गप्प."

चष्मेवाल्याने मान हलवली. "अजून एकदा दाबा," तो म्हणाला.

गॅरेजवाल्याने दाबला.

"अजून एकदा."