खलास नावाचा खजूर

रविवारी सकाळी नबीलचा फोन आला तेव्हा वसुंधराने नुकतंच चहात बिस्किट बुडवलं होतं. रेंज अशी, की माणूस विहिरीत उतरून बोलतोय म्हणावं. "मदाम... खलास... पूरा खलास... साइट पे... उम्मी..." एवढं ऐकू आलं आणि फोन कट.

मस्कतमध्ये चार दिवस राहिलेल्यालाही हा शब्द शिकवावा लागत नाही. काम उरकलं, खलास. भांडण मिटलं, खलास. दुकानातला माल संपला, खलास. त्यात वसुंधरा पडली मराठी, तिला तर तो घरचाच. बिस्किट चहात बुडून गेलं आणि ती खुर्चीतून उडाली.

"कॉनराड! सगळा माल संपला रे! पहिल्याच सकाळी!"

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या चिंचोळ्या ऑफिसात दोघंच असायची. कॉनराड वसईचा. गिऱ्हाइकाची वेबसाइट देखणी करणं त्याचं काम आणि ती रोज चालती ठेवणं वसुंधराचं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात राबून झाल्यावर तिने हा स्वतःचा धंदा थाटला होता आणि नबील तिचं पहिलं गिऱ्हाईक. "आप फिकर मत करो, मैं हूँ ना," असं तिने त्याला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. आता त्या छातीत आनंद मावेना. तिने लगेच नबीलला अभिनंदनाचा आवाजी मेसेज पाठवला, "मबरूक! मबरूक! उम्मी को भी बोलना!"

आनंदाला कारणही तसंच होतं. नबीलची आई, म्हणजे त्याची उम्मी, सबीहा हिची रुस्ताक गावी खजुराची बाग. दरवर्षी माल निघाला की आदिल नावाचा व्यापारी ट्रक घेऊन यायचा, ढिगाकडे पाहून नाक मुरडायचा, भाव सांगायचा आणि माल भरून न्यायचा. सबीहाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या खजुराचा भाव स्वतः ठरवला नव्हता. यंदा नबीलने तिच्या मागे लागून, रुसून, हातापाया पडून साइट काढायला लावली. बाई पक्की. तिने अट घातली: रविवारी दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत तुझ्या त्या मोबाइलमधून माल विकून दाखव, नाहीतर आदिलचा ट्रक येईल, मी माल भरीन आणि पुन्हा या घरात साइटचं नाव काढायचं नाही.

आणि माल सकाळीच संपला होता! वसुंधराला तर नाचावंसं वाटत होतं.

"वसूताई," कॉनराड स्क्रीनकडे बघत म्हणाला, "माल संपला तर ऑर्डरी कुठे गेल्या? एकपण दिसत नाय."

तिने पाहिलं. ऑर्डरींच्या पानावर शुकशुकाट. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. रेंजसाठी नबील पिकअपच्या टपावर चढला होता, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसरं वाक्य असं होतं: "मबरूक किस बात का, मदाम? मेरा खलास गायब है!"

वसुंधराने कपाळाला हात लावला. खलास हे खजुराच्या एका जातीचं नाव. मधाच्या रंगाचा, मऊ, ओमानी माणूस पाहुण्यांपुढे हौसेने ठेवतो तो. सबीहाच्या बागेचा तोच तर राजा, कोठार त्यानेच भरलेलं. वसुंधराला हे ठाऊक नव्हतं असं नाही, साइटवर ते नाव तिनेच टाइप केलं होतं. पण कान मेले सवयीचे गुलाम. आता साइटवर फर्द, खुनेझी या बाकीच्या जाती दिसत होत्या आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्या खलासचा पत्ताच नव्हता.

"पहले कैश साफ करो," ती सवयीने म्हणाली. साइटची जुनी पानं फोनमध्ये साठून राहतात त्याला या धंद्यात कॅश म्हणतात आणि अर्ध्या तक्रारी ती साफ केली की मिटतात.

"मदाम," नबील टपावरून कळवळला, "कैश तो साफ ही है. एक भी ऑर्डर नहीं आया."

कॉनराड हसू दाबायला टेबलाखाली वाकला. वसुंधराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाकलेलाच राहिला. मग तिने नबीलला धीर दिला, फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

साइट म्हणजे काही एकसंध चीज नसते. मूळ सांगाडा एक आणि त्यावर चढवलेले प्लगिन नावाचे छोटे जोड-प्रोग्राम दहा जणांचे. एक फोटो दाखवतो, एक भाषा बदलतो, एक शिलकी माल मोजतो. यातला कोणी रात्रीत आपणहून अपडेट होऊन बसला की सकाळी शेजाऱ्याशी त्याचं वाकडं. मग करायचं तेच, जे घरातला फ्यूज उडाल्यावर करतात: इस्त्री काढ, मिक्सर काढ, कोण खोडी करतंय बघ. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत हे करता येत नाही, म्हणून वसुंधराने साइटची एक नक्कल काढली आणि तिच्यातले अर्धे प्लगिन बंद केले. खलास नाही. ते चालू करून उरलेले अर्धे बंद केले. खलास हजर!

"घावला!" कॉनराड ओरडला.

"थांब रे, अजून घरात कोण आहे ते कळलंय, कुठल्या खोलीत ते नाही."

पुन्हा अर्धे, पुन्हा अर्धे. शेवटी चोर हाती लागला तो शिलकी माल मोजणारा प्लगिन. रात्रीच अपडेट झालेला. पण त्याला हाकलून चालणार नव्हतं, कारण ऑर्डर घेण्याचं बटणही त्याच्याच ताब्यात. तो असला की खजूर नाही, तो नसला की विक्री नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, आत एसी कुंथत होता आणि डबे उघडायची आठवणही दोघांना झाली नाही. प्लगिनवाल्यांना मेल टाकला तर उत्तर आलं की दोन दिवसांत संपर्क साधू. वसुंधराने त्यांना अस्सल चिपळुणी भाषेत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"पण याचं खलासशीच काय वैर?" ती पुटपुटली. "फर्दला का नाही धरत?"

कॉनराडने गंमत म्हणून नकलेत एक नवा माल टाकला, नाव 'खलास चप्पल'. चप्पल क्षणात गायब. 'फर्द चप्पल' मात्र ऐटीत उभी.

वसुंधरा त्या चपलेकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं, असं फुटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"कॉनराड, माल संपला की फोटोवर पट्टी लागते ना, तिच्यावर आपण काय लिहिलंय?"

"ते तूच सांगितलेलंस. 'आउट ऑफ स्टॉक' नको, लय ऑफिसवाला वाटतंय, इथल्या माणसाला कळेल असं लिव..." तो मध्येच थांबला. "आयला, ताई! खलास!"

माल अजून कधी संपलाच नव्हता, त्यामुळे ती पट्टी कोणाला दिसली नव्हती, नबीललाही नाही. आणि नव्या अपडेटने ठरवून टाकलं होतं की ज्या मालाच्या अंगावर पट्टीतला शब्द असेल तो संपलेला समजून दुकानातून लपवायचा. प्लगिन बिचारा शहाणाच होता. ज्याचं नावच 'संपला', तो शिल्लक कसा असेल?

दुरुस्ती चहा गार व्हायच्या आत झाली. पट्टीवर मुकाट्याने 'सोल्ड आउट' लिहिलं आणि मधाच्या रंगाचा खलास मुख्य पानावर परत झळकला. वसुंधराने नबीलला फोन करून सगळं खरं सांगितलं, आपली चूकही सांगितली. तो टपावरच एवढा हसला की पडेल की काय असं तिला वाटलं.

त्याने लिंक आपल्या अख्ख्या गोतावळ्याला पाठवली. पहिली ऑर्डर सीबहून आली, मग सोहारहून, मग एकीमागून एक. दोघं जागची हलली नाहीत. निम्मं कोठार विकलं गेलं, निम्मं उरलं आणि असरची अजान झाली. वसुंधराच्या तोंडचं पाणी पळालं. सबीहाची अट सगळा माल विकण्याची होती की थोडा विकला तरी चालेल, हे कोणी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. नबील कुजबुजत होता. "मदाम, आदिल का ट्रक आ गया. उम्मी खुद फाटक पे गई है."

पलीकडे पुरुषाचा चढा आवाज आला, मग एका बाईचा, शांत आणि ठाम. वसुंधराला अरबी धड कळत नव्हतं. नबील एकदम खिदळला.

"क्या बोली?" तिने जीव मुठीत धरून विचारलं.

"बोली, खजूर चाहिए तो सब लोग जैसे लेते हैं वैसे लो. साइट पे जाओ."

स्क्रीनवर बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक नवी ऑर्डर उगवली. माल: खलास, उरलेला सगळा. नाव: आदिल. कॉनराडने पुढची ओळ मोठ्याने वाचली, "पत्ता: फाटकाच्या बाहेर, ट्रकमध्ये."

दोघं टेबल बडवून हसली. शेजारच्या ट्रॅव्हल एजन्सीतला माणूस काय झालं ते बघायला आला आणि काहीच न कळता तोही हसत उभा राहिला. फोनवर नबील पुन्हा बोलत होता. ऑर्डर स्वीकारायचं बटण कोणतं, असं उम्मी विचारतेय, म्हणाला.

"हरा वाला," वसुंधरा म्हणाली. "तुम हाथ मत लगाना, नबील. उन्हीं को दबाने दो."

थोडा वेळ गेला. म्हातारं बोट काचेवरून चाचपडत असावं. मग आदिलच्या नावापुढची खूण हिरवी झाली, सबीहाने ठरवलेल्या भावाला.