जन्मस्थळ: वाडा

शंभू शेवटी क्रोएशियाला गेला. सुखरूप पोचला आणि पोचल्याचा फोनही आला.

हे वाचलंच नाही असं समजा. कारण मार्च महिन्यातल्या ज्या मंगळवारी ही गोष्ट सुरू होते, त्या मंगळवारी शंभू यवतमधल्या एका ऑफिसात बसला होता, त्याचा उजवा पाय आपोआप हलत होता, आणि क्रोएशिया तर लांबच, त्याचा अजून जन्मसुद्धा झालेला नव्हता. म्हणजे कागदोपत्री.

"जन्माचा दाखला राहिला," सतीश म्हणाला. सतीश पोरांना परदेशी कामाला लावणारा एजंट. स्वतः सोलापूरच्या पुढं कधी गेला नव्हता, पण टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला होता आणि बोलताना तो फिरवत राहायचा. "बाकी फाइल कम्प्लीट. वीस तारखेच्या आत आण. न्हाईतर तुझ्या जागी रोहिदास जाईल. तो रोज फोन करतोय."

"पासपोर्टवर हाय की जन्मस्थळ."

"हाय ना. वाडा, जिल्हा पालघर. तिथला दाखला आण."

शंभूचा पाय थांबला. "मी कवा पालघरला गेलतो?"

"जन्माला घालायच्या आधी कुणाला इचारत न्हाईत," सतीशनं गोल फिरवला.

शंभू चोवीस वर्षांचा होता. रांजणगावच्या एका कंपनीत वॉशिंग मशीनच्या दारांना तो चार स्क्रू मारायचा. पट्टा पुढं सरकायचा, दार पुढं जायचं, शंभू तिथंच. अशी चार वर्षं झाली होती. गेले दोन महिने त्यानं मोबाइलमधलं घड्याळ क्रोएशियाच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. त्यामुळे पहिल्या शिफ्टला तो दोनदा साडेचार तास उशिरा पोचला आणि दोन्ही वेळा आपण वेळेवर आहोत असं सुपरवायझरला मोबाइल दाखवून सांगत होता. रोहिदास गेला आणि आपण राहिलो, तर पुढच्या स्क्रूला आपण ओरडू, अशी त्याला भीती होती.

तो भांडगावला घरी आला. बाप ज्योतिबा जेवत होता. तीस वर्षं मेंढरं घेऊन कोकणात गेलेला आणि माघारी आलेला माणूस. मेंढरं विकून शेती धरल्याला चौदा वर्षं झाली, तरी जेवताना एक पाय चपलेतच असायचा.

"आबा, माझा जन्म कुठं झाला?"

"वाड्यावर."

"कुठल्या वाड्यावर?"

"आपल्या. दुसऱ्याच्या वाड्यावर कशाला हुईल?"

आता घोटाळा ध्यानात आला. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर घोडं, कुत्री आणि तीन दगडांची चूल. सकाळी गुंडाळायचा, संध्याकाळी दुसरीकडं उतरवायचा. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जन्मस्थळ विचारलं, ज्योतिबानं खरं ते सांगितलं, गुरुजींनी ऐकलं ते लिहिलं. पुढं कुणीतरी ते कॉम्प्युटरवर चढवताना यादीत वाडा शोधला, आणि जिथं त्या नावाचा तालुका सापडला तिथं शंभूला जन्माला घातलं.

"पर वाडा उतरला कुठं हुता?"

"भीमेच्या पात्रात," आई बयाबाई चुलीपाशून म्हणाली. "मे महिना. पाण्याचा थेंब न्हवता. कोकणातनं माघारी येत हुतो. अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर, मधी तू."

"एवढे दोन तालुके सोडून मधीच?"

"मी काय टेप घिऊन बसले हुते? घाई तूच केलीस. अजूनबी तीच करतुयास. आन् क्रोशाचं काम तर आपली प्रगतीबी करती घरात बसून. त्यापायी इतक्या लांब?"

"क्रोशा न्हाई गं आये, क्रोएशिया! देश हाय. गोदामात काम हाय."

"गोदामात बसून इणायचं? डोळं जात्याल."

त्याची बहीण प्रगती आतून हसली. ज्योतिबा हात धुऊन उठला. "जायला कागूद कशाला लागतो? आमाला कुणी अडवलं की आमी मेंढरं रस्त्यात बसवायचो. मग सोडायचे आपोआप."

"विमानतळावर बसवू मेंढरं?"

"बघ इचारून."

दुसऱ्या दिवशी शंभूनं सुट्टी टाकली आणि गाडीला किक मारली. नदीच्या दौंडकडच्या काठाला एक ग्रामपंचायत, शिरूरकडच्या काठाला दुसरी. पहिल्या ग्रामसेवकानं नकाशा उघडून सांगितलं, नदीचा मध्य ही हद्द, तू पलीकडचा असणार. पलीकडच्यानंही नकाशा उघडला. तो नकाशाही तेच म्हणत होता, फक्त उलट्या बाजूनं.

"डोकं कुठल्या बाजूला आलं हुतं?" या ग्रामसेवकानं आपुलकीनं विचारलं. "त्यावरून ठरवता येईल. पायाळू असला तर मग अवघड हाय."

शंभूनं आईला फोन लावला. "आये, डोकं कुठल्या बाजूला हुतं माझं?"

"आभाळाकडं," बयाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

आभाळाचं दप्तर कुठल्याच ग्रामपंचायतीत नव्हतं. दोघांनीही शोध घेतला आणि दोन कागद दिले: नोंद आढळत नाही.

मग शंभू तीन एसट्या बदलून वाड्याला गेला. पासपोर्टप्रमाणे तो जन्मगावी पहिल्यांदाच चालला होता. तिथल्या बाईंनी २००१ चं रजिस्टर काढून बोट फिरवत तीनदा तपासलं.

"नाही हो दादा. तुम्ही आमच्याकडे नाही झालात."

"एखादा कोपरा बघा ना मॅडम."

"मे महिन्यात अठ्ठावीस मुलगे झालेत. सगळ्यांना आया आहेत."

"त्यातला कुणी वापरात नसलेला?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं, आणि तिसरा कागद दिला. जन्मगावावरून रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून शंभूनं पाच किलो वाडा कोलम तांदूळ घेतला.

एकोणीस तारखेला त्यानं तिन्ही कागद सतीशच्या टेबलावर ठेवले. उभ्यानंच. बसवत नव्हतं. "संपलं," तो म्हणाला. "रोहिदासला पाठव."

सतीशनं तिन्ही वाचले, पुन्हा वाचले. गोल फिरवायचाही विसरला.

"येड्या, एका कचेरीनं तू झाला न्हाईस म्हणून सांगितलं असतं तर संशय आला असता. तीन म्हंजी पुरावा हाय! आईबापाचं प्रतिज्ञापत्र जोड, झालं."

फाइल गेली. कुणी काही विचारलं नाही. महिन्याभरानं व्हिसा आला. ज्याच्या जन्माबद्दल तीन कचेऱ्यांचं एकमत आहे असा माणूस क्रोएशियाला चालला.

जायचं ठरल्यावर तरी पाय थांबेल असं शंभूला वाटलं होतं. थांबला नाही. निघायच्या दिवशी सकाळी तो बॅग भरत होता, रिकामी करत होता, परत भरत होता. बयाबाई समोर येऊन बसली.

"तिकडं कुणी इचारलं, कुठला तू, तर काय सांगशील?"

"भांडगावचा."

"भांडगावात राहतोस. झालास कुठं?"

शंभूच्या तोंडात आलं, नोंद आढळत नाही.

"मी हुते की तिथं," बयाबाई म्हणाली. "तीन ठिकाणी फिरलास, सगळ्यांनी वह्या बघितल्या. मला कुणी इचारलं? त्या प्रतिज्ञापत्रावरबी अंगठा तेवढा घेतला. कागूद आण. मी सांगते, तू साहेबाच्या भाषेत लिही."

"आये, दुपारची गाडी हाय माझी."

"मग बिगी बिगी लिही."

बॅग उघडीच राहिली. शंभूनं मांडी घातली, कागद गुडघ्यावर घेतला, आणि आई सांगेल तसं लिहीत गेला.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, शिरूर, व मा. तहसीलदार साहेब, दौंड (दोघांनी शेजारी बसून वाचावे)

विषय: जन्माची जागा कायम करून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझा मुलगा शंभू हा भीमा नदीच्या पात्रात, वाळूवर, दोन्ही तालुक्यांत आडवा असा जन्मला असून, त्या वेळी अर्जदार स्वतः जागेवर हजर होती. सदर जागा हल्ली बंधाऱ्याच्या पाण्याखाली आहे. सदर मुलगा आज परदेशी जात आहे. तरी येत्या मे महिन्यात एक दिवस नदीचे पाणी बाजूस घेऊन, अर्जदार बोट दाखवेल तेथे सरकारी दगड रोवून द्यावा, व मुलगा माघारी येईपर्यंत तो हलवू नये असे नदीस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.