बंदरावरचा डाग

"अगं, माणूस समुद्रावर जातो त्या दिवशी कपडे धुवायचे नसतात, नाहीतर तो परत येत नाही म्हणतात. कागदाचं काय एवढं?" ॲग्नेसनं हसत व्हिटबी बंदराचं दोनशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र हिल्डाच्या टेबलावर ठेवलं. "माझा पोरगा ॲलेक पहाटेच समुद्रावर गेलाय. संध्याकाळी येईल, त्याच्या आत एवढा डाग काढ. लग्नाची भेट आहे पोराला."

जुनी चित्रं धुऊन चौकटीत बसवणं हा हिल्डाचा धंदा. तिच्या हातून एखादा डाग राहिला, असं कधी झालं नव्हतं.

चित्रात दोन धक्के होते, टेकडीवरचा पडका मठ होता आणि बंदराच्या तोंडाशी आत येणारी एकच होडी. तपकिरी डाग नेमका तिच्यावर. हिल्डानं कागद कोमट पाण्यात सोडला. दहा मिनिटांनी पाहिलं, तर डाग फिका झाला होता. होडी मात्र जागेवर नव्हती. ती धक्क्यांपासून पार लांब, कागदाच्या कडेशी पोचली होती आणि तिचं तोंड समुद्राकडे होतं.

हिल्डानं भिंग लावलं. होडीत एक माणूस उभा होता. मघाशी तो नव्हता.

बारा वर्षांपूर्वी नवऱ्याशी, मॅथ्यूशी, कडाक्याचं भांडण झालं होतं. तो होडी घेऊन समुद्रावर गेला आणि तिनं रागाच्या भरात, मुद्दाम, त्याचा निळा लोकरी स्वेटर धुवायला काढला. मॅथ्यू परत आलाच नाही. ही गोष्ट तिनं आजवर कोणापाशी काढली नव्हती.

डाग जायला आणखी एक पाणी पुरलं असतं. तिनं कागद उचलून टिपकागदावर ठेवला, हात कोरडे केले आणि खुर्चीत बसून राहिली. दिवसभर ती पाण्याला शिवली नाही. चहासुद्धा केला नाही.

संध्याकाळी ॲग्नेस धापा टाकत आली. "आला गं बाई ॲलेक! सकाळी वाऱ्यानं भलतीकडेच ओढून नेलं होतं म्हणे." मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. "हे काय, डाग अजून आहेच?"

होडी पुन्हा बंदराच्या तोंडाशी होती, आत येणारी.

"राहू दे तो," हिल्डा म्हणाली. "ॲग्नेस, मी त्या दिवशी मॅथ्यूचा स्वेटर धुतला होता."

ॲग्नेसनं चित्र काळजीपूर्वक काखेत घेतलं.

"ठाऊक आहे. दोरीवर वाळत होता ना. सगळ्या गल्लीनं पाहिला."

"आणि कोणीच काही बोललं नाही?"

"काय बोलणार गं? तू रोज त्याची वाट बघत धक्क्यावर उभी असायचीस."